पटवाऱ्याचा धुरा

जमीन सोडणारा पटवारी मी उभ्या आयुष्यात एकच पाहिला, आणि खरं सांगतो, त्याच्यावर माझा पुरता विश्वास कधी बसला नाही. माझा धंदा धान्याच्या अडतीचा. शेतकऱ्याचा माल घ्यायचा, व्यापाऱ्याला विकून द्यायचा, मधे आपण उभं राहायचं. आधी आमची गादी शहरात इतवारीत होती, पुढे कळमन्याच्या बाजारात गेली. या धंद्यात माणूस पोत्याच्या तोंडाशी दिसणारा गहू पाहत नाही. हात पार आत घालतो आणि खालचा गहू वर काढतो. तीच खोड मला माणसांच्या बाबतीत लागली. बायको म्हणायची, तुम्ही देवळात गेले तरी मूर्तीच्या मागं काय आहे ते पाहून याल. असेल बाप्पा, मी कुठं नाही म्हणतो?

दौलतराव पटवारी प्रताप नगरात आमच्या शेजारी राहत. मी त्यांना काका म्हणायचो. सत्तरच्या दशकातलं प्रताप नगर म्हणजे थोडी घरं, पुष्कळ रिकामे प्लॉट आणि मधे बाभळी. योगायोग असा, की मौद्याकडे आमच्या गावात त्यांचं शेतही आमच्या शेताला लागूनच होतं. शहरात भिंतीचे शेजारी आणि गावात धुऱ्याचे. त्यांच्या शेताच्या दुसऱ्या बाजूला गुलाबराव. हे गुलाबराव म्हणजे काकांचे सख्खे साळे, काकूंचे धाकटे भाऊ. काकूंचं माहेर तेच गाव. काका-काकूंना मूलबाळ नव्हतं, काकूंचे आईवडील कधीचेच गेले होते, त्यामुळे आपलं म्हणावं असं रक्ताचं माणूस काकूंना हा एक भाऊच.

धुरा म्हणजे दोन शेतांच्या मधली ती गवताची, बोरी-बाभळींची पट्टी. अर्धी तुझी, अर्धी माझी, आणि म्हणूनच सगळ्या भांडणांचं मूळ. आमच्याकडे भाऊ भावाशी का बोलत नाही असं विचारा, बहुतेक वेळा धुराच निघेल. पावसाळ्याआधी नांगर लागला की जो तो आपल्या बाजूनं धुरा थोडा कोरतो. नांगराची एखादी ओळ, आमच्या भाषेत एक तास, हळूच जास्तीचा मारून घ्यायचा. समोरचा काय मूर्ख आहे? तो पुढच्या वर्षी त्याच्या बाजूनं मारतो. असं करता करता धुऱ्याची शेळीला चरण्याइतकीही जागा उरत नाही, आणि मग त्या नसलेल्या जागेसाठी दोघं कोर्टात.

काकांची पटवाऱ्याची, म्हणजे तलाठ्याची, सारी नोकरी ही असली भांडणं मोजण्यात गेली होती. उंच, काटकुळे, डोक्यावर काळी टोपी, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. संशयी तर इतके, की मीसुद्धा त्यांच्यापुढं भोळा वाटावा. दूधवाल्यानं भांडं ठेवलं की आधी वास घेत. खुर्चीवर बसण्याआधी तिचे पाय हलवून पाहत. त्यांना साधं "बरं आहे का काका?" विचारलं तरी चष्म्यावरून पाहत आणि म्हणत, "कोण इचारून राहिलं?" मी म्हणायचो, "मी मधू, शेजारचा." मग म्हणत, "असं असं. मंग बरं हाय."

अंगणात त्यांनी कधी एक रोप लावलं नाही. शेजारीपाजारी गुलाब, मोगरा, क्रोटन लावत आणि यांच्या आवारात तरोटा, आघाडा आणि कमरेएवढं गवत. आजूबाजूच्या बायका म्हणत, साप निघतील. काका म्हणत, "निघाले तं त्यायचंच घर हाय." फिरायला निघाले की हात नेहमी पाठीमागे बांधलेले. मी एकदा चालता चालता गवताची काडी उपटली तर केवढ्यानं ओरडले, "हात मांगं!" मी दचकून काडी टाकली. नंतर वाटलं, च्यामारी, काडी कोणाच्या बापाची होती?

ते पेन्शनीत निघाले, त्याच्या पुढच्या उन्हाळ्यातली गोष्ट. मी माझ्या शेतावर होतो. काकांचा सालदार गडी नांगर धरून होता आणि काका धुऱ्यावर हात मागे बांधून उभे. नांगर धुऱ्याजवळ आला तशी काका म्हणाले, "बस. इथूनच फिरव."

सालदार थांबला. "मालक, अजून चार तास बसतात."

"बसू दे. बैल फिरव."

त्यानं माझ्याकडे पाहिलं, मी त्याच्याकडे. काकांनी स्वतःच्या हद्दीतली चांगली काळी जमीन विनाकारण सोडली होती. तीस वर्षं दुसऱ्यांच्या हद्दी ठरवणारा माणूस स्वतःच्या हद्दीतून मागे सरकला! संध्याकाळपर्यंत ही बातमी गावभर झाली. पारावर बसलेल्यांपैकी कोणी म्हणालं, धुऱ्यात धन सापडलं असेल, म्हणून तिथं नांगर घालू देत नाही. कोणी म्हणालं, सीलिंगच्या कायद्यातून जमीन वाचवायची ही नवी युक्ती आहे. मी माझ्या परीनं तर्क केला, की म्हाताऱ्याला नाल्याच्या बाजूनं रस्ता येणार असल्याची आधीच खबर आहे.

गुलाबराव मात्र सगळ्यात पुढचं बोलले. बिडी विझवून म्हणाले, "पटवारी माणूस जमीन सोडते? माह्या भाऊजीले मी ओळखतो. हे जाळं हाय. आपल्याले वाटन, जागा मोकळी हाय. आपण घुसलो, का हे मोजणी आणते, अतिक्रमण दाखवते, आन् जुना सारा हिशेब बाहेर काढते."

झालं! पारावरची माणसं एकेक करून उठली. कारण प्रत्येकानं आपल्या आयुष्यात थोडाथोडा धुरा कोरलेला होता, आणि कोणी, कुठं, किती, हे गावात एकाच माणसाला माहीत होतं. दुसऱ्या दिवशी गुलाबरावांनी आपले बैल धुऱ्याच्या बरेच अलीकडून फिरवले. उगाच कटकट नको म्हणून. पुढच्या वर्षी काका आणखी मागे सरकले. गुलाबराव आणखी घाबरले आणि त्यांच्याहून जास्त सरकले. त्यांचं पाहून पलीकडच्यांनी बैल आवरले. आणि मीही आवरले, लपवायचं काय त्यात? अडत्या झालो म्हणून कोर्टाची पायरी कोणाला गोड लागते?

अशा रीतीनं, एकमेकांवर कोणाचाच काडीचा विश्वास नसल्यामुळं, नाल्यापासून वरच्या माळापर्यंत गवताचा एक लांबलचक पट्टा तयार झाला. असा पट्टा गावात माझ्या आजोबांनीही पाहिला नसेल.

काही पावसाळ्यांनंतर काकांनी मला तिथं नेलं. जाताना ताकीद दिली, "हात मांगं, आन् तोंड बंद." कुसळं पायजम्यात घुसत होती आणि मी मनातल्या मनात शिव्या देत होतो. पण खोटं कशाला बोलू, डोळे विस्फारले माझे. बोरींच्या जाळ्या झाल्या होत्या. पळस आपोआप आले होते. हिवराचं एक झाड माणसाच्या वर गेलं होतं. तितर पायाखालून भुर्रकन उडाला आणि मी "आई गं" म्हणून ओरडलो. ससे होते, मुंगूस होतं, आणि एका बिळाकडे बोट न दाखवता, नुसत्या हनुवटीनं खूण करून काका म्हणाले, "खोकड. पिल्लं हायत."

"काका, हे सारं तुम्ही कुठून आणलं?"

"म्या? म्या काहीच नाही आणलं. म्या फक्त सरकलो."

तिथंच बसून त्यांनी मला पहिल्यांदा आणि शेवटचं सारं सांगितलं. लहानपणी याच माळावर त्यांनी तणमोर पाहिला होता. कोंबड्यापेक्षा बारीक, काळा, डोक्यामागं पिसांचे तुरे. पावसाळ्यात नर गवतातून सरळ वर उडी मारतो, क्षणभर दिसतो आणि पुन्हा गवतात बुडतो. मग ते पटवारी झाले. "गवत दिसलं का कागदावर पडीत लिहायचं, हे आमचं शिकणं. आन् पडीत लिहिलं का ते कोणाले ना कोणाले नांगर घालून फोडाले भेटे. मधू, म्या जिथं जिथं पडीत लिहिलं, तिथलं गवत संपलं गा. तणमोर कोठी उतरन?"

"मग आता येईल म्हणता?"

"नाल्यापासून माळापर्यंत तुटलं नाही पाहिजे. मधे कोणी नांगर घातला का संपलं. जोडलेलं राहिलं तं येईन. त्याले बोलवाव लागत नाही."

एका पाखराच्या उडीसाठी कोणी जमीन सोडतं? मला ते पटलं नाही. माझा आपला रस्त्याचाच संशय कायम राहिला, आणि पुढे रस्ता आला नाही तेव्हा मला थोडा रागच आला.

मग झाडं लावण्याच्या योजना आल्या. एका वर्षी एक तरुण साहेब जीपमधून सुबाभूळ आणि निलगिरीची रोपं घेऊन आले. भला माणूस होता. त्याला वाटलं, एवढी मोकळी पट्टी आहे, हिरवीगार करू. काका जीपच्या आडवे उभे राहिले.

"साहेब, हे झाड कोणी बोलावलं?"

"काका, सगळं हिरवं होईल इथं."

"हिरवं तं हायच."

"हे नुसतं गवत आहे हो. पडीत जमीन आहे ही."

अरे बाप्पा! त्या एका शब्दानं काका असे भडकले, की मी त्यांना कधी तसं पाहिलं नव्हतं. "पडीत तुमच्या कागदावर! इथं घरं हायत. तुम्ही घरं पाडून झाडं लावून राहिले!" साहेब गोंधळला, घरं शोधू लागला. मी मधे पडून त्याला बाजूला नेलं आणि म्हातारा तापट आहे म्हणून सांगितलं. बिचाऱ्यानं रोपं गावात उतरवली. शाळेजवळ दोन-तीन जगली, बाकीची शेळ्यांनी खाल्ली. काका त्या दिवशी घरी आल्यावर एवढंच म्हणाले, "जंगल जिथं हाय तिथं राखणारे लोक हायत. जिथून गेलं तिथं परत येऊ देणारं कोणी नाही. साऱ्याले लावाचंच हाय."

आता कोणी म्हणेल, मग वाईट काय झालं? सांगतो. गवत आलं तसे रोही, म्हणजे नीलगाई, आले आणि रानडुकरं आली. एका हंगामात गुलाबरावांची तूर रात्रीतून लोळवली. उभं पीक गेलं माणसाचं. ते काही तितर-ससे पाहायला शेती करत नव्हते. वरून गावात कुजबुज सुरू झाली होती, की साळा-भाऊजी आतून एक आहेत आणि दोघं मिळून गावाची जमीन खाणार आहेत. म्हणजे बिचाऱ्या गुलाबरावांना दोन्हीकडून मार. काकांनी आपल्या तुरीची पोती बैलगाडीत घालून त्यांच्या दारी पाठवली. गुलाबरावांनी गाडी तशीच परत लावली. म्हणाले, "उद्या म्हणतीन, तूर खाल्ली, आता जागेच्या कागदावर सही द्या."

त्या वर्षी भाऊबीजेला ते प्रताप नगरात आले ते तणतणतच. मी शेजारचा, जेवायला होतो. काकूंनी ओवाळलं, पुरणपोळी वाढली. गुलाबरावांनी घास न घेता सरळ विचारलं, "भाऊजी, एकदाचं सांगा. मोजणी आणता का नाही?"

काकांनी चष्म्यावरून पाहिलं. "कोण इचारून राहिलं? साळा का धुऱ्यावाला?"

"दोघं बी."

"मंग जेवा आधी."

गुलाबरावांनी ताट सरकवलं आणि उठले. काकू दारापर्यंत धावल्या, "अरे गुलाब, जेवून तं जा रे!" ते मागे वळले नाहीत. त्यानंतर भाऊबीजेला काकू सकाळपासून न्हाऊनधुऊन, ओवाळणीचं ताट तयार करून बसत. फाटक वाजलं की उठत. दूधवाला असे, पोस्टमन असे. दुपार टळली की चंद्राला ओवाळीन म्हणत आणि ताट झाकून ठेवत. मला ते बघवत नसे. मी एकदा काकांना फाडकन बोललो.

"एक शब्द सांगायला काय जातं तुमचं? मोजणी आणायची नाही ना? मग सांगा ना तसं! त्या माउलीचा एकुलता एक भाऊ तुटला."

काका नखं पाहत म्हणाले, "भेव हाय तंवर गवत हाय, मधू."

"आणि काकू?"

आत स्वयंपाकघरात भांडं पडल्याचा आवाज आला. काकूंनी ऐकलं असावं. मी चपला घालून निघून आलो, आणि चांगले आठ-दहा दिवस त्यांच्याकडे गेलो नाही. चीड आली होती मला. वाटलं, हा माणूस गवतासाठी घर जाळतो आहे.

हे असं काही वर्षं चाललं. तणमोर आला का, असं मी मुद्दाम दर पावसाळ्यानंतर विचारायचो. एका वर्षी म्हणाले, "आला. सकाळी उडी पाह्यली." मी म्हणालो, "तितर असेल." ते म्हणाले, "असन." पण दिवसभर त्यांचा चेहरा लग्नघरातल्यासारखा होता. त्यांना खरंच दिसला की आशेनं दिसला, देव जाणे. मला तो पक्षी कधी दिसला नाही, आणि दिसला असता तरी मी ओळखला नसता.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर काका आजारी पडले. पोटाचं दुखणं होतं. डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं, म्हणजे काय ते सगळ्यांना कळलं. मी गुलाबरावांना निरोप धाडला, माणूस जातो आहे, येऊन जा. ते आले. भर दुपारी, गावातली दोघं-तिघं जाणती माणसं सोबत घेऊन. काकूंनी भावाला पाहिलं आणि पदर तोंडाला लावला. इतक्या वर्षांनी तो उंबऱ्याच्या आत आला होता.

गुलाबराव खाटेजवळ बसले. राग ओसरला होता त्यांचा, आवाजही भिजला होता. "भाऊजी, झालं गेलं जाऊ द्या. आता तं सांगा. तुमच्यामागं ती जमीन माह्या बहिणीची. बहिणीच्या धुऱ्याशी मी काय वाकडं वागन? फक्त एवढं सांगा, मोजणीचं काही नाही ना?"

काकू पायथ्याशी उभ्या होत्या. त्यांनी नवऱ्याच्या पायावर हात ठेवला. "सांगा न हो," म्हणाल्या. "नाही म्हना एकदा."

मी भिंतीला टेकून उभा होतो. आता सुटेल सगळं, असं मला वाटलं. बोलायलाच हवं होतं. मरणाऱ्या माणसाला गवताचं काय? नाव चांगलं होणार होतं, बायकोला भाऊ परत मिळणार होता. काकांनी सगळ्यांकडे आळीपाळीनं पाहिलं. काकूंकडे जरा जास्त वेळ पाहिलं. मग तुटक तुटक, पण स्वच्छ आवाजात म्हणाले, "मोजणीवाल्याले सांगून ठेवलं हाय. मी गेलो का तो येते. ज्यानं धुऱ्याले हात लावला, त्याचं सारं मोजते."

गुलाबराव उठले. "मरता मरता बी पटवारीच राहिले तुम्ही," एवढंच म्हणाले, आणि बहिणीकडे न पाहता निघून गेले. त्यांच्यामागं बाकीचेही गेले. फाटक वाजलं.

थोड्या वेळानं काकांनी डोळे न उघडता विचारलं, "गेले काय?"

"गेले."

"रागात?"

"मग काय हसत जातील?" मी चिडून म्हणालो.

त्यांनी मान हलवली आणि पाणी मागितलं. काकूंनी चमच्यानं पाजलं. पाणी पाजताना त्या रडत होत्या, पण हात हलू देत नव्हत्या. काकांना मी जिवंत पाहिलं ते शेवटचं. पहाटे ते गेले.

गावातून मयतीला कोणी आलं नाही. गुलाबरावही आले नाहीत. तेरवी झाल्यावर एका दुपारी मी काकूंकडे गेलो. त्या ओट्यावर तांदूळ निवडत होत्या. जमीन आता त्यांच्या नावावर होणार होती, त्याबद्दल बोलायचं होतं, पण मला आधी दुसरंच विचारायचं होतं. संशयी माणूस, राहवेना. म्हणालो, "काकू, खरंच सांगून ठेवलं होतं का हो त्यांनी मोजणीवाल्याला?"

"कोण मोजणीवाला?" काकू म्हणाल्या. "पेन्शनीत निघाल्यापासून त्यायनं एकाचं तोंड पाह्यलं नाही. खोटं बोलले. साऱ्या जन्मात माह्यासमोर तेवढं एकच खोटं बोलले."

मी उठलोच. म्हणालो, "मग मी आजच्या आज गुलाबरावांना जाऊन सांगतो. काही नव्हतं म्हणून. ते धावत येतील तुमच्याकडे."

काकूंनी सूप खाली ठेवलं.

"येईन न. धावत येईन. माह्या गळ्यात पडून रडन. माहेरी घेऊन जाईन मले." त्यांनी पदरानं डोळे पुसले. "आन् दुसऱ्या दिवशी नांगर घालन. भाऊ हाय माहा, मले माहीत नाही का? तू नोको सांगू, मधू."

आता गुलाबराव नाहीत, काकूही नाहीत, म्हणून हे सांगतो आहे. काकू त्यानंतर पुष्कळ वर्षं जगल्या. माहेरी त्या कधी गेल्या नाहीत.